सात ओळींतला हेलिओदोर

शेंदराचे कवच एकदा गळून पडले की आतल्या मूर्तीला नाक-डोळे होते हे नव्याने कळते. गावोगावच्या मारुती-म्हसोबांच्या बाबतीत हा अनुभव आपल्यापैकी अनेकांच्या गाठीला असेल. मध्य प्रदेशात विदिशेजवळ, बेसनगर येथे उभ्या असलेल्या एका दगडी खांबाने हाच अनुभव भारताच्या इतिहासाला दिला. आसपासचे लोक त्याला खामबाबा म्हणत, शेंदूर माखत, नवस बोलत. १८७७ साली अलेक्झांडर कनिंगहॅम तिथे आले, तेव्हा शेंदराचा थर इतका जाड होता की त्याखाली अक्षरे आहेत की नाहीत हेच उमगेना. घडणीवरून त्यांनी खांब गुप्तकाळातला ठरवला आणि ते पुढे गेले. यवन राजांची नाणी ज्यांनी आयुष्यभर गोळा केली आणि वाचली, असा हा माणूस. आणि त्यांच्या ओळखीच्या एका यवन राजाचे नाव त्या क्षणी त्यांच्यापासून शेंदराच्या थराइतक्याच अंतरावर होते. मला ही घटना आठवली की अजूनही हुरहूर लागते. पुढे १९०९ साली ग्वाल्हेर संस्थानातले लेक नावाचे अधिकारी त्या जागी गेले असता शेंदराखाली अक्षरांची चाहूल लागली, थर उतरवला गेला, जॉन मार्शल यांनी तो शोध जाहीर केला आणि दोन हजार वर्षे गप्प असलेला एक राजदूत बोलू लागला.

तो बोलला ते फार थोडे. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, अवघ्या सात ओळी; आणि खांबाच्या दुसऱ्या बाजूला आणखी दोन. हेलिओदोर या माणसाविषयी जगाला जे काही ठाऊक आहे ते एवढेच. त्याचे चरित्र कोणी लिहिले नाही, त्याचा चेहरा कोणत्या नाण्यावर नाही, त्याने राजाला पाठवलेला एकही खलिता उरलेला नाही. पण या सात ओळी आपण घाईने वाचू नयेत. एखादा जुना दागिना तळहातावर घेऊन खिडकीपाशी जावे आणि एकेक खडा उजेडात फिरवून पाहावा, तसे हे शब्द एकेक करून पाहू.

पहिला शब्द आहे ‘देवदेवस’, दुसरा ‘वासुदेवस’. देवांचा देव जो वासुदेव, त्याचा. प्राकृतातली ही षष्ठी आहे; पण मराठी कानाला ती किती जवळची वाटते! आपण ‘देवास’, ‘वासुदेवास’ म्हणतो, त्या आपल्या ‘स’ची पाळेमुळे अभ्यासकांनी याच प्राकृत षष्ठीत शोधली आहेत. म्हणजे ओळ वाचायला घेतली आणि पहिल्याच शब्दाला आपल्या आजीच्या तोंडची लकब भेटली, असे काहीसे होते. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. एक परका राजदूत परक्या नगरीत खांब उभारतो आहे, आणि त्या खांबावरचे पहिले नाव त्याचे नाही, त्याच्या राजाचे नाही, यजमान राजाचेही नाही. मान पहिल्याने देवाला दिला आहे. राजदरबारात उभे आयुष्य काढलेल्या माणसाला कोणाचे नाव आधी आणि कोणाचे नंतर हे पक्के कळते. त्याच्या लेखी क्रम ही साधी बाब नसते. म्हणून या लेखातला शब्दांचा क्रम हेच मला त्याचे आत्मचरित्र वाटते.

मग येतो ‘गरुडध्वज’. खांबाला खांब म्हटलेले नाही, ध्वज म्हटले आहे. विष्णूच्या वाहनाने अंकित झालेला, देवळासमोर उभा असलेला दगडी ध्वज. मान वर करून त्याच्याकडे पाहिले म्हणजे ध्वज या शब्दाचे मर्म ध्यानात येते. जमिनीलगतचा दांडा अष्टकोनी आहे. वेदकालीन यज्ञातला यूपही आठ कडांचाच असावा असे ब्राह्मणग्रंथ सांगतात. तेव्हा लाकडाची ती आठवण दगडात उतरली असावी. थोडे वर गेले की आठाच्या सोळा कडा होतात, त्याहून वर सोळाच्या बत्तीस, आणि शेवटी कडा एकमेकींत विरून जाऊन दांडा पुरता गोल होतो. मधल्या सांध्यांवर अर्ध्या उमललेल्या फुलांची एक पट्टी आणि फुलापानांच्या माळांची दुसरी. वर घंटेच्या आकाराचे शीर्ष, मौर्यांच्या स्तंभांशी नाते सांगणारे. नजर खालून वर सरकत जाते तसतसा दगड हलका होत जातो. आठ, सोळा, बत्तीस आणि मग वर्तुळ: एखाद्या गायकाने लय दुप्पट, चौपट करत न्यावी आणि अखेरीस सगळी मात्रागणती एका अखंड स्वरात बुडून जावी, तशी ही दगडाची चढण आहे. माथ्यावरचा गरुड आज नाही. पण ज्या उंचीवरून त्याने पंख पसरले असतील ती उंची अजून शाबूत आहे, आणि डोळे तिथे जाऊन क्षणभर थांबतातच.

आता नाव. ‘हेलिओदोरेण’. या एका शब्दावर मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. ‘हेलिओस’ म्हणजे ग्रीकांचा सूर्य, ‘दोरोन’ म्हणजे देणगी; हेलिओदोर म्हणजे सूर्याने दिलेला, आपल्याकडचा सूर्यदत्त. नाव अस्सल ग्रीक, पण शेवटी जोडलेला ‘एण’ अस्सल प्राकृत. ‘रामेण’, ‘देवेण’ तसे ‘हेलिओदोरेण’: हेलिओदोराने. परक्या पाहुण्याला घरच्या विहिरीवर पाय धुवायला पाणी द्यावे, तसे या भाषेने परक्या नावाला आपली विभक्ती दिली, आणि ते नाव निमूटपणे घरचे झाले. शिवाय या नावाचे अवयव आपल्याला वाटतात तितके परके नाहीतच. ‘दोरोन’मधला ‘दो’ आणि आपल्या ‘दान’मधला ‘दा’ एकाच धातूचे. ‘हेलिओस’ आणि ‘सूर्य’ हेही फार जुन्या काळी एकाच घरातून निघालेले दोन भाऊ. पुढच्या काळात तर हा ग्रीक सूर्य थेट संस्कृतात येऊन राहिला. वराहमिहिराच्या ज्योतिषग्रंथात सूर्याच्या नावांमध्ये ‘हेलि’ हे नाव आहे; ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्द जिथून आले तिथूनच तेही आले.

इथे नाशिकची आठवण अपरिहार्य आहे. पांडवलेण्यांतल्या सतराव्या लेण्यात आणखी एका यवनाचा लेख आहे. तो उत्तरेकडचा, दत्तामित्री नगरीचा, धर्मदेवाचा मुलगा; आणि त्याचे नाव इंद्राग्निदत्त. ‘दोर’चा ‘दत्त’ झाला! कार्ल्याच्या चैत्यातले खांब देणारे धेनुकाकटचे यवन आणि जुन्नरच्या लेण्यांतले यवन दातेही याच वळणाचे. त्यांच्या नावांत ग्रीकपण शोधावे लागते. हेलिओदोर त्यांचा पूर्वसूरी. त्याने देव बदलला, नाव बदलले नाही. बापाने दिलेले, सूर्याच्या कृपेचे ते नाव त्याने वासुदेवाच्या दारात जसेच्या तसे कोरून घेतले. त्याला त्यात काही विसंगत वाटले नाही, आणि ज्यांनी त्याला तिथे खांब उभारू दिला त्यांनाही वाटले नाही. या निःसंकोच मोकळेपणाचे मला फार अप्रूप आहे.

नावापाठोपाठ तो स्वतःविषयी चार गोष्टी सांगतो, आणि त्यांचा क्रम पाहा. पहिली: ‘भागवतेन’. मी भागवत. मग ‘दियस पुत्रेण’, दियाचा मुलगा. मग ‘तखसिलाकेन’, तक्षशिलेचा. आणि सगळ्यांत शेवटी ‘योनदूतेन’, यवनांचा दूत. आधी श्रद्धा, मग बाप, मग गाव, आणि हुद्दा अगदी अखेरीस. आजही कोणी भेटले की आपण आधी व्यवसाय विचारतो. या राजदूताने आपली ओळख आतून बाहेर सांगितली. गाभाऱ्यापासून सुरुवात करून ओसरीपर्यंत आला.

‘भागवत’ हा शब्द आपल्या जिभेवर सहज येतो. पंढरीच्या वाटेवर चालणारा वारकरी आपल्या पंथाला भागवत धर्मच म्हणतो. मधल्या दोन हजार वर्षांत त्या शब्दाच्या आशयात कितीतरी नद्या मिळाल्या, हे खरे. पण एखाद्या व्यक्तीने दगडावर स्वतःला भागवत म्हणवून घेतल्याचे जे अगदी जुने लेख आपल्यापाशी आहेत, त्यांत हा लेख अग्रभागी आहे, आणि तो माणूस जन्माने यवन आहे. नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात संकर्षण-वासुदेवांना वंदन आहे, तोही याच युगाच्या उत्तरार्धातला आवाज. मात्र वासुदेवाची ओळख हेलिओदोराला विदिशेत येऊनच झाली असेल असे समजायचे कारण नाही. त्याच्या कित्येक दशके आधी अगाथोक्लिस नावाच्या यवन राजाने आपल्या नाण्यांवर एका बाजूला संकर्षण आणि दुसऱ्या बाजूला वासुदेव उमटवला होता. ती चांदीची नाणी अफगाणिस्तानात, ऑक्सस नदीकाठच्या ऐ-खानूम या ग्रीक नगरीच्या उत्खननात १९७० साली मिळाली. नांगरधारी बलराम, चक्रधारी वासुदेव, एकीकडे ग्रीक अक्षरे आणि दुसरीकडे ब्राह्मी. वायव्येकडच्या यवन मुलांनी हा देव बापाच्या कनवटीच्या नाण्यावर पाहिला असणे सहज शक्य होते.

तो बाप ‘दिय’ म्हणजे दिओन. हे नाव झ्यूसशी बांधलेले, आणि झ्यूस म्हणजे आपला ‘द्यौः’, आकाशपिता. बापाच्या नावात आकाश, मुलाच्या नावात सूर्य. या घराण्याची वंशावळ दोनच पिढ्यांची आपल्या हाती आहे, पण ती किती उजळ आहे! त्यामागची पिढी पाहायची तर व्यक्ती सोडून इतिहासाकडे वळावे लागते. इ. स. पू. ३२६ मध्ये अलेक्झांडर तक्षशिलेत आला आणि तिथल्या आंभीने त्याचे स्वागत केले. त्यानंतर ती नगरी मौर्यांची झाली. हिंदुकुशापलीकडे बाल्खच्या मुलखात ग्रीक वसाहतींनी स्वतंत्र राज्य थाटले आणि इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात डेमेट्रिअस व त्याच्या मागोमागचे राजे पर्वत ओलांडून सिंधूच्या खोऱ्यात उतरले. पतंजलीच्या महाभाष्यात साकेतला वेढा घालणारा यवन येतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त सिंधूच्या तीरावर यवनांशी झालेल्या चकमकीची वार्ता याच विदिशेच्या दरबारात येऊन पोहोचते, त्याच अग्निमित्राच्या दरबारात, जिथे आपल्या विदर्भाची राजकन्या मालविका दासी होऊन राहिली होती. म्हणजे हेलिओदोराच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने या बाजूला तलवार पाहिली होती. नातू आला तो ध्वज घेऊन, आणि तो ध्वज त्याने जिंकलेल्या भूमीवर रोवला नाही, देवळासमोर रोवला.

‘योनदूत’. योन म्हणजे यवन. आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून पूर्वेकडच्या सगळ्यांनीच ग्रीकांना दिलेले नाव. दूत म्हणून त्याची आणखी एक वंशावळ आहे, रक्ताची नसलेली. चंद्रगुप्ताच्या दरबारी सेल्युकसाने पाठवलेला मेगॅस्थिनिस, बिंदुसाराकडे आलेला डेइमाकस, असे ग्रीक दूत या भूमीवर आधी येऊन गेले होते. मेगॅस्थिनिसने तर आख्खा ग्रंथ लिहिला. तो हरवला, इतरांनी दिलेली त्यातली अवतरणे तेवढी उरली. हेलिओदोराने सात ओळी लिहवल्या आणि त्या त्याच्याच शब्दांत उरल्या. मेगॅस्थिनिसने भारताविषयी लिहिले ते ग्रीकांसाठी, ग्रीक भाषेत. हेलिओदोराने भारतात उभे राहून, भारतीयांच्या भाषेत, भारतीयांच्याच देवापुढे स्वतःविषयी लिहिले. तक्षशिलेत खरोष्ठी चाले. तिथल्या राजाच्या नाण्यावर एका अंगाला ग्रीक, दुसऱ्या अंगाला खरोष्ठी. विदिशेत त्याने ब्राह्मी वापरली, कारण वाचणारे तीच वाचत. ज्याच्या अंगणात उभे राहायचे त्याच्या अक्षरांत बोलायचे, हे दूताचे सौजन्य त्या लिपीच्या निवडीत आहे.

आणि त्याचे सगळे दूतकौशल्य पुढच्या ओळींत एकवटले आहे. तो आला ‘महाराजस अंतलिकितस’ यांच्याकडून, ‘रञो’ भागभद्राच्या सान्निध्यात. अंतलिकित म्हणजे तक्षशिलेचा यवन राजा अँटिअल्किडास. एरवी आपण त्याला ओळखतो ते केवळ नाण्यांवरून. सिंहासनावर बसलेला झ्यूस, त्याच्या हातावर विजयदेवता आणि जवळच सोंड उंचावलेला छोटा हत्ती, अशी त्याची सुरेख नाणी आहेत. आता दोन राजांच्या उपाध्यांकडे पाहू. आपला राजा ‘महाराज’ आणि यजमान नुसता ‘राजन्’? एवढ्यावरच थांबला असता तर यजमानाचा उपमर्द झाला असता. पण भागभद्राच्या नावापाठोपाठ एक विलक्षण शब्द येतो: ‘त्रातारस’. त्राता, रक्षणकर्ता. भारतीय राजांच्या बिरुदांत हा शब्द जवळपास भेटत नाही. तो भेटतो यवनांच्या नाण्यांवर. मिनँडरसारख्या राजांची ‘सोतेर’ ही ग्रीक पदवी खरोष्ठीत ‘त्रतरस’ अशी भाषांतरित झालेली असते. म्हणजे या दूताने आपल्या मायदेशी राजाला जो सर्वांत मोठा मान देतात, तो उचलून यजमानाच्या मस्तकी ठेवला. स्वतःच्या राजाची पायरी एका इंचानेही खाली आणली नाही आणि समोरच्या राजाची एका शब्दाने उंचावली. मजकूर कोणी लेखनिकाने कितीही घासूनपुसून दिला असो, हा एक शब्द हेलिओदोराच्या ओठांवरचा आहे याविषयी माझ्या मनात शंका नाही. ग्रीक काळजाने प्राकृतात केलेला तो विचार आहे.

भागभद्राची ओळख ‘कासीपुत’ अशी दिली आहे, म्हणजे काशीच्या लेकीचा पुत्र. दूत बापाचे नाव सांगतो, राजा आईच्या नावाने ओळखला जातो. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांच्या मुलखात वाढलेल्या आपल्याला या रीतीचे नवल नाही; पण ग्रीक बापाच्या मुलाला ती रीत आवर्जून पाळावीशी वाटली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्या राजाचे चौदावे वर्ष चालू होते आणि त्याची भरभराट होत होती, असे सांगून लेख संपतो. दूत नेमका कशासाठी आला, तह होता की हत्तींची मागणी, त्याला यश आले की नाही, यांतले अक्षरही खांबावर नाही. राजकारण त्याने देवळाच्या बाहेर ठेवले.

मग दुसऱ्या बाजूच्या त्या दोन ओळी. स्वर्गाला नेणारी तीन ‘अमुतपदानि’: दम, चाग, अप्रमाद. संयम, त्याग, सावधपणा. महाभारताच्या स्त्रीपर्वात, शंभर पुत्र गमावलेल्या धृतराष्ट्राला विदुर धीर देतो तिथे हेच तीन गुण ब्रह्माचे घोडे म्हणून येतात. उद्योगपर्वातल्या सनत्सुजाताच्या उपदेशात ते अमृताशी जोडलेले दिसतात. अप्रमादावर तर धम्मपदात अख्खा वर्ग आहे. आणि ‘पद’ या शब्दाचा विस्तार तर पाहा. पद म्हणजे पाऊल, पद म्हणजे शब्द, पद म्हणजे अधिकाराची जागा, आणि आपल्या मराठीत पद म्हणजे गायचे गीतही. राजपद भोगणाऱ्यांमध्ये वावरणारा, शब्दावर उपजीविका करणारा आणि तक्षशिलेहून विदिशेपर्यंत पावले झिजवलेला हा माणूस ‘पद’ हा शब्द निवडतो, तेव्हा त्याच्या आयुष्याचे सगळे अर्थ त्यात येऊन बसतात. तीन गुणही त्याच्या पेशाला किती चपखल! जिभेवर संयम नसलेला, स्वतःचे काही सोडायची तयारी नसलेला, क्षणभर गाफील राहणारा दूत कोणत्या राजाला परवडेल?

या खांबाच्या परिसरात पहिले शास्त्रीय उत्खनन केले ते आपल्या दे. रा. भांडारकरांनी, १९१३ ते १९१५ या काळात. विदिशेला तेव्हा भेलसा म्हणत आणि राज्य शिंद्यांचे होते. नंतर १९६३ ते १९६५ मधल्या उत्खननात खांबामागच्या देवळाचा पाया हाती आला: लंबवर्तुळाकार, पुराने वाहून गेलेला आणि पुन्हा उंच जोत्यावर बांधलेला. खांब उभा राहिला त्याच्याही आधीपासून तिथे देव होता. हेलिओदोराने नवे दैवत आणले नाही, चालत आलेल्या पूजेत तो येऊन सामील झाला.

‘मेघदूत’ वाचलेल्या मराठी माणसाला विदिशा नवी नाही. रामटेकच्या टेकडीवरून निघालेला तो दुसरा दूत वाटेत याच नगरीवर थांबतो, वेत्रवतीचे पाणी पितो आणि पुढे जातो. सांचीचे स्तूप पाहायला आपली मंडळी दरवर्षी जातात आणि तिथूनच परततात. विदिशा तिथून दहा-एक किलोमीटरवर आहे. पुढच्या खेपेला परतीच्या गाडीआधीचे दोन तास राखून ठेवा. उन्हे तिरपी झाली की अक्षरांच्या खोबणीत सावली भरते, तेव्हा जा. लेख खालच्या अष्टकोनी भागावर आहे. वाट विचारताना हेलिओदोराचे नाव घेण्यापेक्षा खामबाबाचे घ्या.